इचारलं तेवढंच सांग

—गाडी फिरवू नका साहेब, थांबा, हेच घर हाय. कुलूप बगून निगालाव का? अवो ते नुसतं कडीला आडकवलंय, चावी न्हाई लावली, मी मागं शेळीला पाला टाकाया गेलते — हे बगा, हाताला पाला हाय आजून. या, हितं वट्ट्यावर सावलीत बसा. ऋतुजाचीच चौकशी करायला आलाव ना? मंग बरोबर आलाव. मी तिची माय, बायनाबाई. मागच्या बारीला बी तुमीच आलते का? दाराचा फोटो काढला, घर बंद हाय असं लिहिलं आन निगून गेले, आन ते थेट पुन्यात पोरीला कळलं. फोनवर रडली पोरगी. कधी रडत न्हाई ती. कंपनीनं घेतलंय तिला, पत्र हातात हाय, पुन्यात कंपनीची शिकवनी बी चालू झालीय, पर म्हणे पक्कं करायच्या आदी कंपनीकडून मानूस घरी येनार, पत्ता खरा हाय का, पोरगी खरंच हितली हाय का ते बगनार — आन ह्या बारीला बी कुलूप दिसलं तर झालं, गेली नोकरी. म्हून मी मेंढरं सोडून हितं येऊन बसले. दार सोडून हलले न्हाई. नशीब बगा कसं असतंय, दिवसभर बसा तर कावळा येत न्हाई, आन जरा पाठ फिरली की पावना दारात.

पानी घ्या. चहा टाकते, न्हाई म्हणू नका, दूध शेळीचं हाय पर वास येत न्हाई. काय म्हणलाव? इचारा की, इचारा, त्याच्यासाठीच बसलेय मी. पोरीनं माझ्याकडून पाठ करून घेतलंय — माय, तो मानूस आला की इचारलं तेवढंच सांग, नाव इचारलं की नाव, वर्ष इचारलं की वर्ष, त्याच्या पुढं एक शब्द बोलू नको. माझ्या तोंडावर इश्वास न्हाई तिचा. ती म्हणत होती, बापाला बसव. तिचा बाप लई कमी बोलतो, मेंढरं सुदिक त्याच्यापेक्षा जास्त बोलतेत. पर मीच म्हणले, मी बसते. कावून? आता खरं सांगू का, मला बगायचं होतं — माझ्या लेकीचं नाव इचारत येनारा सायबाचा मानूस कसा असतो ते. आजपातुर आमच्या दारात जे आले ते एक तर सोयरीक घेऊन आले, न्हाईतर मेंढरं रानात घुसली म्हून भांडाया आले. नोकरीसाठी आलेले तुमी पयले. — हां, बापाचं नाव. आता हे आवघड काम लावलंव. आमच्यात नाव घेत न्हाईत. येताना वेशीवर देऊळ लागलं ना तुमाला, शेंदूर लावलेलं? तेच नाव. मारुती न्हाई, त्याचंच दुसरं. हां, तेच. लिहा, बरोबर लिहिलंव.

किती वर्षापासून ऱ्हाताव म्हणजे — जल्मापासून. लिहा, जल्मापासून. म्हंजे जल्म तिचा हितला न्हाई, युसूफ वडगावच्या रानातला हाय, तवा आमची मेंढरं तितं बसवली होती विजयसिंहाच्या वावरात. मेंढरं बसवायची म्हंजे कसं, रातच्याला कळप वावरात बसतो, लेंडीखत पडतं, शेतवाला त्याच्या बदल्यात जवारी देतो. दिवाळी झाली की आमी निगतो, आज नेकनूरच्या बाजूला, उद्या केजकडं, जितं चारा तितं आमी, आन पाऊस पडला की परत हितं, पालीला, ह्या घरी. मंग मदले समदे महिने घराला कुलूपच असतंय की, उगं का खोटं— लिहायलाव काय? न्हाई साहेब, ते नका लिहू. कुलूप लिहू नका. मानूस फिरतीवर असला म्हून त्याचं घर ऱ्हात न्हाई का? तुमी दिवसभर गाडीवर असताव, मंग तुमचा पत्ता काय गाडीचा नंबर हाय का? घर हेच. दुसरं न्हाईच तर कुटून सांगू.

बरं, रागावू नका. चहा उकळतोय. तुमी लेकरासारखे हाव मला, म्हून सांगते, हे काम तुमच्यासाठी रोजचं आसंल, चार घरं बगितली, चार फोटो काढले, झालं. आमच्यासाठी तसं न्हाई. बीडला संगणकाच्या कॉलेजात घातली तिला, तवा समदी भावकी हसली. ऱ्हायला नेकनूरला माझ्या भैनीकडं, सत्यशीलाकडं, तितून रोज येष्टीनं बीड. कॉलेजात पोरं जास्ती आन मशिनी कमी, त्यातबी लाईट गेली की समदे वहीवर लिहीत बसायचे — मशीनला जे सांगायचं ते वहीवर लिहायचं. मला हसू यायचं. मी म्हणायची, बाई, कागदावर सैपाक केल्यावानी हाय की हे. ती म्हणायची, माय, वहीवर बरोबर आलं की मशीनवर येतंच. आन आलं बी. पयली आली न्हाई, पर वर आली. आता ही नोकरी कसली, तर कुनाचं मशीन अडलं तर हिनं फोनवर बोलून ते चालू करून द्यायचं. सुरवातीची हाय, पगार लई न्हाई, पर तिचे मास्तर म्हणले हितूनच पुढं रस्ता हाय. मी म्हणले, हे तर आपलंच काम झालं, कुटलं लंगडतंय ते बगायचं आन काटा काढायचा.

आन ही नोकरी गेली तर पुढचं बी ठरलेलं हाय. तिच्या बापानं कॉलेजात घालतानाच सांगितलं होतं — शिकून नोकरी लागली तर माझं काई म्हणनं न्हाई, न्हाई लागली तर सोमेश्वराला द्यायची. सोमेश्वर माझ्याच भावाचा पोरगा हाय. वाईट न्हाई, दारू न्हाई, तंबाखू न्हाई, कळप मोठा हाय. बाप शब्दाचा पक्का हाय, तो बोलतो कमी पर बोललं की फिरत न्हाई. संक्रांत झाली की भाऊ इचारायला येनार. मी काय सांगू त्याला? माझ्याच भावाला न्हाई कसं म्हणू? साहेब, मी त्या कळपामागं पोटुशी चालले, वली बाळंतीन उन्हात चालले. मला त्याचं दुख न्हाई, माझं झालं ते झालं. पर माझ्या लेकीला मी ते देनार न्हाई. तिनं खुर्चीवर बसावं असं लई वाटतंय मला. नुसतं बसावं.

हां, पुरावा. लाईट बिल हाय, पर ते तिच्या आज्याच्या नावावर, आन आजा वारला. आधारावर पत्ता सत्यशीलाचा पडलाय, कॉलेजासाठी बदललता. म्हूनच तुमाला घरी पाठवलं, ते मला कळतंय. मंग मी एक दावते, या, चपला ऱ्हाऊ द्या, या आत. ही चुलीपाशी शहाबादी फरशी दिसायली का? तिच्यावर काय काढलंय बगा. मेंढरावर खूण करायला लाल रंग असतोय ना आमच्यात, त्याच रंगानं काढलंय पोरीनं. तुमाला वळखू येत आसंल. मशीनचे बटनं हायेत ते, कुटं कुटलं अक्षर ते समदं जितल्या तितं. घरी मशीन न्हाई, मंग सुट्टीला आली की चुलीपाशी बसून ह्याच्यावरच बोटं मारायची, आन मी भाकरी थापायची. दोघींचे बी हात चालू. मी घर सारवते ना, तवा तेवढी फरशी सोडून सारवते. कुनी म्हणलं, पुसून टाक, तर मी म्हणले, हात तोडीन. काढा की ह्याचा फोटो. ही पोरगी हितं ऱ्हात न्हाई असं कोन म्हणंल? — ह्याचा चालत न्हाई? बरं. तुमच्या मोबाईलात त्याची जागाच न्हाई म्हणताव. असू द्या.

बसा, हा घ्या चहा. आता काय लागतंय? शेजारचे दोन मानसं. आता हे बगा, शेजार म्हंजे ही चार घरं, चारीला कुलूप, समदे कळप घेऊन गेलेत. एक म्हातारी होती साखराबाई, तिला बी परवा पोरानं दवाखान्यात नेलं. गावातलं कुनी सांगू का? ते तर आमाला तोंडानं बी वळखत न्हाईत, म्हणतेल कोन ऋतुजा. मंग? दोन न्हाईत तर एक चालंल का? मोठ्या मानसाची गवाही चालंल का? मंग तुमी विजयसिंहाचं नाव लिहा. वडगावचे. तालुक्यात कुनालाबी इचारा. तेंच्या वावरात ऋतुजा जल्मली, तेंची धनश्री आन आमची ऋतुजा एका वयाच्या, संगं खेळल्या, संगं बीडच्या कॉलेजात गेल्या. धनश्री होस्टेलवर आन ही येष्टीवर, एवढाच फरक. ह्याच कंपनीत दोघींचं बी झालंय. — हसू नका, खरंच सांगते. तुमाला वाटतंय, कुटं ते वाड्यातले लोकं आन कुटं ही मेंढरामागची बाई, उगंच मोठ्याचं नाव घ्यायली. सख्ख्या भैनीवानी हायेत साहेब त्या. खोटं वाटतंय? मंग ऐका.

कंपनीची परीक्षा घरूनच द्यायची होती, मशीनसमोर बसून. मशीनला कॅमेरा, तो बगत बसतो, आवाज बी ऐकतो, खोलीत दुसरं कुनी दिसलं की परीक्षा बंद. तवा आमी वडगावलाच होतो मेंढरं घेऊन. रानात कुटलं आलंय नेट. धनश्री सोताहून आली, म्हणली, ऋतुजा, आमच्या घरी ये, आमच्याकडं लाईट जात न्हाई, माझ्याच लॅपटॉपवर दे. सकाळी हिनं दिली, एकटीनं, दार लावून. दुपारी धनश्रीची होती. तर ती पोरगी बसायच्या आदीच म्हणली, मला काईच आठवंना. पोरगी गुनाची हाय पर डोकं त्यात न्हाई तिचं, बापानं उगं घातलं. मंग आमच्या ऋतुजानं काय केलं — लॅपटॉपला वायर लावून समदं भितीवरच्या टीव्हीत आनलं, आन सोता कॅमेऱ्याच्या मागल्या बाजूला खाली बसली, कॅमेऱ्याला दिसंना आशी. तिनं वर टीव्हीत बगायचं आन धनश्रीला बोटं दावायची. एक बोट म्हंजे पयलं उत्तर, दोन बोटं म्हंजे दुसरं. तोंडातून आवाज न्हाई. आमी कळप वळवताना ह्या टेकडीवरून त्या टेकडीवर कसं नुसतं हातानं सांगतो, तसं. मला दाराशी बसवलं होतं, कुनाला आत येऊ देऊ नको म्हून, आन परीक्षा संपूस्तोर मी एक शब्द बोलले न्हाई, बगा, मला बी गप बसता येतंय. एक उत्तर चुकलं न्हाई पोरीचं. सकाळी सोताचं, दुपारी दुसऱ्याचं. दोघी बी पास. आता सांगा, एवढं कुनी कुनासाठी करतंय का? भैनीच न्हाईत का त्या?

साहेब.

चहा कावून खाली ठेवलाव? गोड झाला का? — बोट कावून थांबलं तुमचं त्या मोबाईलवर. मी काय वाकडं बोलले का. न्हाई, तुमचं तोंड बदललं म्हून इचारते. अवो हे काई इचारलंच न्हाई तुमी, मीच आपलं — ते सोडून द्या. शेजारी कोन, एवढंच इचारलं होतंव. विजयसिंह, मुक्काम वडगाव. तेवढंच धरा.

काय, गुन्हा? फसवनूक? कुनाला फसवलं? थांबा साहेब, तुमी जरा ऐकून घ्या. तुमच्याकडं सावड म्हणतेत का न्हाई? आज तुमी आमच्या मेंढराची लोकर कातरायला या, उद्या आमी तुमच्या कळपाला येतो. त्याला कुनी चोरी म्हणत न्हाई. एकाचा हात मोडला तर त्याचा कळप काय तसाच ठिवतेत का, दुसरा येऊन कातरतोच की. त्यांचं नेट, त्यांची लाईट, त्यांची खोली, ऋतुजा त्यांच्या खुर्चीवर बसून पास झाली. मंग तिनं तशीच उठून यायचं का? फुकटचं घेऊ नये, घेतलं तर हातानं फेडावं, हे बारकी होती तवापासून शिकवलंय आमी तिला. आमच्यात जो सावड घेतो आन फिरवत न्हाई, त्याच्या घरचं पानी पीत न्हाईत. पोरीनं इमान राखलं. तुमाला ते उलटं दिसायलं. मला आता कळायलं की तुमाला ते उलटं दिसायलं.

आन तिची सोताची परीक्षा तर सोताची हाय. एकटीनं दिली. कुनाची बोटं न्हाई बगितली. परत घ्या तिची परीक्षा, हितं घ्या, ह्या फरशीवर बसवून घ्या. — कंपनीचा नियम. दोघींवर बी येतंय. दाखवनारीवर बी आन बगनारीवर बी. मला एक सांगा, तुमी पत्ता बगायला आलाव ना? मंग पत्ता बगा. पत्ता बरोबर हाय का न्हाई? ह्या घराला दार हाय, दारात माय हाय. बाकीचं तुमच्या कामात कुटं येतंय?

कुटं निगालाव? बसा की. आता कुनाकडं? — केजकडं. वडगावला? धनश्रीचं बी तुमच्याकडंच हाय? दावा. हां. तिचंच नाव हाय. माझ्या देवा.

हात जोडते मी. पाया पडते, वयानं मोठी हाय तरी पडते. तितं जाऊन काई बोलू नका. विजयसिंहाला कळलं की ह्या मेंढरामागच्या बाईनं आपल्या लेकीचं नाव असं उघडं केलं, तर तेंच्या वावरात पाय ठिवता येनार न्हाई आमाला, आन नुसतं तेंच्या न्हाई, त्या बाजूच्या एकाबी वावरात. ते तरी सोडा. ती धनश्री — तिनं दार उघडलं होतं माझ्या लेकीला. दुसरं कुनी उघडलं न्हाई. आन मी तिचं— मला येडी लिहा साहेब. लिहा, बाईचं डोकं ठिकान्यावर न्हाई, काईबी बरळते. आमच्या मालकाला इचारा, ते सांगतेल, येडीच हाय. न्हाईतर असं करा, तुमी आलाच न्हाईत असं करा. मी कुलूप लावते, ह्या मिनिटाला लावते, तुमी बाहेर हुबं ऱ्हाऊन फोटो काढा आन लिहा, घर बंद, कुनी भेटलं न्हाई. मघाशी मी म्हणले लिहू नका, आता म्हणते लिहा. पुढच्या बारीला मी न्हाई बसनार. तिच्या बापाला बसविते. तो नाव इचारलं की नाव सांगंल आन गप बसंल. पोरगी तेच म्हणत होती. पयल्यापासून तेच म्हणत होती. — आता पुढची बारी न्हाई? हीच शेवटची? मंग काय लिहिनार तुमी? मोबाईल कावून खिशात घालायलाव? मघापासून मीच बोलायले. एवढं बोलले मी, आन तुमी एवढं बी सांगंनात.

थांबा, फोन वाजायलाय. तिचाच हाय. ह्या टायमाला रोज करते, जेवनाच्या सुट्टीत. वाजू द्यावा का? न्हाई, न्हाई उचलला तर ती घाबरंल. तुमी बोलू नका. जरा बी आवाज करू नका, पाया पडते.

हां, बोल बाई. ऐकू यायलंय. — आलते. हां, आलते की. — आत्ताच गेले. — चहा दिला, घेतला त्यांनी. चांगला होता मानूस, गरीब बोलीचा. — काय इचारलं? नाव इचारलं. बापाचं नाव इचारलं, ते देवळाचं सांगितलं. हसू नको. किती वर्ष झाले ते इचारलं. — न्हाई, कुलूप न्हाई लावलं गं, दार उघडंच होतं. — बाकी काई न्हाई. — न्हाई म्हणते ना. तू सांगितलं होतंस तसंच. इचारलं तेवढंच सांगितलं. एक शब्द जास्तीचा न्हाई. — रडत न्हाई, चुलीचा धूर गेलाय डोळ्यात. जेवलीस का? खुर्चीवर बसून जेव. ठिव आता. ठिव बाई.

जा साहेब. जा आता तुमी. मला कुलूप लावायचंय.